बाथरूमची कडी
रिद्धी दोन शनिवार बापाकडे महागावला आली नाही. आई तिचे कान भरते, असं प्रफुलला वाटलं. फारकतीनंतर पहिल्यांदाच त्यानं समीक्षाला रागानं फोन लावला. “पोरीले काहून अडवून राह्यली तू?” समीक्षानं आवाज चढवला नाही. “थांबा, तिले विचारून सांगते,” म्हणाली आणि तासाभरानं तिनंच फोन केला. “तिले पाळी सुरू झाली. तुमच्या बाथरूमच्या दाराले कडी नाही. लाजते ती.” प्रफुल म्हणाला, “आजच बसवतो. अजून काय आणू?” तिनं सांगितलेलं त्यानं कागदावर उतरवून घेतलं. शनिवारी रिद्धी आली. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो अंगणात जाऊन बसला. थोड्या वेळानं ती बाहेर आली. “पप्पा, कडी लई घट्ट बसली. माह्यानं लागत नाही.” प्रफुल स्क्रू सैल करायचा पेचकस आणायला उठला. या वेळी तिनं थेट त्यालाच सांगितलं.