नाक चोंदलेलं

नाक नेमकं आजच चोंदायचं होतं.

"तुम्ही तिथे बसा," परीक्षक बाईंनी आईला दाराजवळची खुर्ची दाखवली. "चित्र पुरं होईपर्यंत उठायचं नाही. रंगाला, ब्रशला, तिला, कशालाच हात लावायचा नाही. राग मानू नका ताई. चित्रं मुलगी तोंडाने काढत नाही, तुम्हीच काढता, अशी तक्रार आलीय. तोंडाने चित्रं काढणाऱ्यांच्या आमच्या संस्थेत घ्यायचं तर डोळ्यांनी बघावं लागतं."

"बघा की. मी मांजर काढलं तर लोक टेबल समजून वर भांडं ठेवतील."

बाई हसल्या नाहीत.

मुलीच्या रिकाम्या बाह्या आईने सकाळीच पिनांनी वर टाचल्या होत्या. मुलीने मान पुढे केली, ब्रशची दांडी दाढांत धरली, ओठ मिटले. कागदावर खिडकीची पहिली रेघ सरळ उतरली. दुसरी अर्ध्यावर आली आणि

श्वास.

ब्रश सोडून, तोंड उघडून, पाण्यातून वर आल्यासारखा. ओठ उघडे ठेवून रंगवावं तर लाळ दांडीवरून थेट रंगात. ब्रश पुन्हा दाढांत. उरलेली अर्धी रेघ.

"सर्दी झालीय हो हिला. पुढच्या आठवड्यात आला असतात तर..."

"आई, गप्प बस," ब्रश सोडून मुलगी म्हणाली.

खिडकीत किटली आली. किटलीचा कान आला. मुलीच्या दोन श्वासांमध्ये आई मनातल्या मनात आकडे मोजत होती. आठपर्यंत गेलं की तिचाच जीव घुसमटे. एवढ्यात मुलीच्या नाकाच्या शेंड्यावर थेंब जमला. आई रुमाल घेऊन अर्धी उठली.

"नाक तरी पुसू द्या."

"ताई, बसा."

थेंब लोंबला. आईचा जीव त्याच्याबरोबर लोंबला. मुलीने ब्रश न सोडता मान वळवली, खांद्याला नाक घासलं आणि किटलीची वाफ

श्वास

पुरी केली. एकोणीस वर्षांत हे तिला जमतं, हे आईने पाहिलंच नव्हतं.

बाई उठून चित्राजवळ आल्या. बराच वेळ पाहिलं. "हे तुझंच. प्रश्न नाही." मग पिशवीतून जुनी चित्रं काढली. "पण यांच्यावरची सही आणि अर्जावरची तुमची सही, ताई, दोन्हींचं वळण एकच."

"सही मीच करते," आई म्हणाली. "हिची अक्षरं वाकडी येतात. एवढं देखणं चित्र, खाली कोंबडीचे पाय कशाला?"

"मग ही चित्रं मी कुणाची धरू?"

तक्रार शेजारणीनेच केली असणार म्हणून आईने तिला आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. संशयाला जागा मात्र आईच्याच सहीने दिली होती.

मुलीने ब्रश काळ्या रंगात टेकवला. किटलीच्या खाली जागा होती. नावात चार अक्षरं. पहिलं.

श्वास.

दुसरं. आईचं बोट तिच्या नकळत मांडीवर चालू लागलं होतं, मुलीच्या एक अक्षर पुढे, गोल, नेटकं.

श्वास.

तिसऱ्याला बोट वळण घेऊन केव्हाच वर आलं होतं. ब्रश मात्र वळला नाही. तो थरथरत खाली उतरत गेला, कागदाच्या कडेपर्यंत.

चौथ्यासाठी मुलीने तोंड उघडून श्वास घेतला. आईने बोट मुठीत मिटलं.