झाकणाच्या कडेची शाई

"डबा परत हलका लागतोय," बाई म्हणाल्या आणि शाई कालवायची सुरी त्यांनी काचेवर आपटली.

चित्रकाराने ट्रेडल मशीनवरचा पाय उचलला. कोपऱ्यात पुस्तकं शिवत बसलेल्या बाइंडरची सुई हातातच राहिली.

छापखान्याची जागा बाईंची, बाकी सगळं तिघांत सामाईक. मशीन, अक्षरांचे खिळे, शाई कालवायची काच सगळ्यांचं. शाई मात्र ज्याची त्याची. मोरपंखी शाई बाईंची. निळ्यात पिवळा किती आणि काळ्याचं बोट किती, हे त्या नवऱ्याकडून शिकल्या होत्या, तो धडधाकट होता तेव्हा.

आता तो छापखान्यातच पडद्यामागे खाटेवर पडून होता. तीन वर्षांपूर्वी दोघांचं कडाक्याचं भांडण चालू असतानाच त्याला झटका आला. वाचा गेली, हातपाय गेले. बाई त्याला भरवत, पुसत, कुशीवर वळवत आणि दिवसभराचं गाऱ्हाणं त्याच्यापुढे ओतत.

"लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस मध्ये तोंड न घालता माझं ऐकतोय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

शाई दुपारीच कमी व्हायची, तिघंही बाहेर असताना. छापखान्याची दुसरी किल्ली बाइंडरकडे असे.

"काकू, उंदीर असेल," चित्रकार म्हणाला.

"झाकण उघडून परत लावणारा उंदीर? मग त्यालाच ठेवते कामाला. तुझ्यापेक्षा बरा."

"मी हातसुद्धा लावला नाही तुमच्या डब्याला," बाइंडर म्हणाली. "दोन लेकरं आहेत माझी. ही जागा गेली तर मी कुठे बसू?"

"तुझं नाव घेतलं का मी? मग तुलाच का झोंबलं?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी झाकणाच्या कडेला, बोटं जातात तिथे, खालून त्याच शाईचा थर फासला. रॉकेलचा कॅन कपाटात घालून कुलूप लावलं. शाई नखांच्या खाचेत शिरली की रॉकेलशिवाय निघत नाही. साबण तिथे हात टेकतो.

दुपारी त्या गिऱ्हाइकाची बिलबुकं पोचवून आल्या. दोघं बाहेरून परतून आपापल्या जागी बसले होते. झाकणाच्या कडेची शाई बोटांनी पुसली गेली होती.

"हात दाखवा."

चित्रकाराच्या नखांत लाल आणि काळा. "भविष्यपण सांगा की, काकू."

"जन्मभर असाच बडबडशील. सरक."

बाइंडरच्या बोटांवर वाळलेली खळ, बाकी काही नाही. बाईंनी तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"फडकं धरून उघडलंस."

"लेकरांची शपथ, काकू!"

"लेकरांना मध्ये आणू नकोस. किल्ली ठेव आणि सामान उचल."

"असं कसं काकू, पुरावा तरी?" चित्रकार म्हणाला.

"हे केस काय उन्हाने पांढरे झाले माझे?"

बाइंडरने सुया, दोरा, दाबाची फळी पिशवीत भरली. रडत रडतच किल्ली काचेवर ठेवली. "काकांना सांगून जाते," म्हणाली आणि पडद्यामागे गेली.

लगेच बाहेर आली. रडणं थांबलं होतं.

"काकू, काकांना जरा पुसून घ्या आज."

"तू नको शिकवूस मला. तीन वर्षं त्याचं दुखणं काढलंय मी."

ती दार लोटून गेली. बाईंनी पातेल्यात कोमट पाणी घेतलं, फडकं घेतलं, पडदा सारला.

"हाकलली एकदाची," त्या खाटेवर टेकत म्हणाल्या. "वरून साळसूद, आतून चोरटी. आता बघू कशी जाते माझी शाई."

नवरा नेहमीसारखा छताकडे बघत होता. बाईंनी गळ्यापर्यंत आलेली चादर खाली ओढली. ती येईना. परत ओढली. कुठे अडकलीय म्हणून वाकून पाहिलं, तर चादरीची कड आतून चार बोटांनी घट्ट आवळून धरली होती, आणि चारही नखं मोरपंखी होती.