मुगदर

कांता आखाड्याच्या दारातून आत आली, तेव्हा तिचा नवरा मधू मातीच्या हौद्यात दोन्ही हातांत जड लाकडी मुगदर घेऊन उभा होता.

बायकांनी तिथं पाऊल ठेवायचं नसतं, हे पवनारात कोणाला सांगावं लागत नसे. लंगोट लावलेली पोरं गडबडली. एकानं धोतर ओढून घेतलं, दोघं मारुतीच्या कोनाड्याकडे तोंड करून उभे राहिले. हौद्याच्या काठावर बसलेले नत्थूजी सावकाश उठले. ते या आखाड्याचे वस्ताद, आणि मधूचे वडील.

"बाई, घरी जा," ते म्हणाले. "काय असन ते घरी बोलू."

"घरी तुम्ही आयकत नाई, मामाजी." तिनं मधूकडे हात केला. "यायले थांबवा."

मधू गेल्या साली सांधेतापानं अंथरुणाला खिळला होता. त्यातून उठला, पण अंगात पहिलं बळ आलं नाही. ज्याच्या बापानं आजूबाजूच्या गावांतली पोरं घडवली, तो पाण्याची घागर उचलतानाही धापा टाकू लागला. मग ज्याला जे ठाऊक होतं, ते त्यानं सांगितलं. शाळेचे सदाशिवराव मास्तर आसनांचा वर्ग घेत. त्यांनी शीर्षासन शिकवलं. मामेभावानं नागपुराहून छाती रुंद करायच्या स्प्रिंगा आणून दिल्या. कोणी उपास सांगितला, कोणी सकाळच्या गार पाण्यात कमरेपर्यंत बसायला सांगितलं. मधूनं सगळं केलं आणि एकेक करत सगळं सोडलं. आता बापाचे मुगदर तेवढे राहिले होते.

"काल वर्ध्याले दवाखान्यात गेलतो आम्ही," कांता म्हणाली.

"कांता!" मधू ओरडला. "तू शब्द देल्ला होता."

"देल्ला होता. तरी सांगतो." ती सासऱ्याकडे पाहूनच बोलत होती. डोक्यावरचा पदर तिनं घट्ट धरला होता. "डाक्टरनं नळी लावून लय वेळ आयकलं. तापानं यायच्या काळजातली झडप खराब झाली म्हणे. जोर नाई, बैठका नाई, आसनंबी नाई. सकाळी सपाट रस्त्यानं हळू चालायचं, दम लागला की बसायचं. बस, तेवढंच."

मागं कोणीतरी हसलं. लहानसंच हसू, आलं तसं दाबलेलं. पण मधूच्या कानापर्यंत ते पोचलं.

नव्या देशाले मजबूत पोरं पाहिजे, असं नत्थूजी रोज हौद्यात उतरण्याआधी पोरांना सांगत. आता त्यांनी आपल्या पोराकडे पाहिलं. गळ्याशी शीर उडत होती, लांबून दिसावी इतकी. फासळ्या मोजता आल्या असत्या. खाली घोटे मात्र सुजून गोल झाले होते. परवाच त्या घोट्यांकडे बोट दाखवून ते रुख्माबाईला, मधूच्या आईला, कौतुकानं म्हणाले होते, "पाह्य ते, पाय भरून राह्यले त्याचे."

"हे मले काऊन नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू, बाबा?" मधू म्हणाला. "तुमच्या पोराले म्हाताऱ्यावानी चालाले सांगतलं म्हणू?"

"ठेव ते मुगदर."

मधूनं ठेवले नाहीत.

"मधू, ठेव म्हणलं ना." नत्थूजींचा आवाज एकदम खाली आला. पोरांनी तो तसा कधी ऐकला नव्हता. "उद्यापासून माह्यासंगं चालाले येजो. नदीलोग जाऊ. तू बसशीन तिथं मीबी बसीन."

मधू बापाकडे पाहत राहिला. क्षणभर वाटलं, तो ठेवील. मग त्याची नजर मागं, हसू आलं होतं तिकडे गेली.

"सारे पाहून राह्यले, बाबा," तो म्हणाला. "एवढा एक हात मारतो, मंग ठेवतो."

त्यानं उजवा मुगदर खांद्यावरून पाठीमागं सोडला, मग डावा. कांता हौद्यात उतरली, पण फिरत्या मुगदराच्या जवळ जाता येईना. नत्थूजी ओरडले, "ठेव! ठेव म्हणतो ना!" मधूचे ओठ निळे पडत चालले होते आणि तो मघा हसलेल्या पोराकडे बघून स्वतःही हसत होता. डावा मुगदर पुन्हा वर जाताना त्याच्या हातातून सुटला आणि धप्पकन मातीत रुतला. मधू दमलेला माणूस बसतो तसा खाली बसला. मग हळूच एका बाजूला कलंडला.

कोणी पाणी आणलं, कोणी तळपाय चोळले. वर्ध्याला न्यायला बंडी जुंपायला दोघं धावले. बंडी दाराशी लागली तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कांतानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ओठांना लागलेली माती ती पदराच्या टोकानं पुसत होती. नत्थूजी तिच्यासमोर मातीतच बसले.

"बाई, मी ठेव म्हणलं होतं त्याले. तू आयकलं ना?"

ती माती पुसत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं.

नत्थूजी पोरांकडे वळले. "तुम्ही तरी आयकलं ना रे?"

"हो, वस्ताद," पोरं म्हणाली. रोजच्यासारखीच, सगळी एका सुरात.