अडकलेला सेन्सर

गाडीखालून आईचे पाय बाहेर आलेले दिसले आणि विश्वजीत पार्किंगमध्ये जागीच थांबला.

"बाबा, हे काय चाललंय?"

सर्जेराव स्टुलावर बसले होते. गाडीची पुढची चाकं लाकडी उतारावर चढवलेली, मागच्यांना विटा लावलेल्या. "सेन्सर बदलतोय," ते म्हणाले. "ऑक्सिजनचा. जुना पाइपात गंजून बसलाय."

गाडी सोळा वर्षांची. गेल्या महिन्यात पीयूसीत नापास झाली. गॅरेजवाला म्हणाला, पेट्रोल किती सोडायचं हे इंजिनाला सांगणारा सेन्सरच गेलाय आणि तो निघतही नाहीये. पाइप कापण्यापेक्षा गाडी भंगारात द्या. विश्वजीतला हे आयतंच मिळालं. बाबांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. दिवाळीत त्यांनी सोसायटीच्या फाटकाला गाडी घासली आणि तेव्हापासून बाणेरच्या आपल्या घरी विश्वजीतला नीट झोप लागत नव्हती. भंगारवाला त्यानेच ठरवला होता. अकराला गाडी न्यायला क्रेन येणार होती. साडेदहा वाजले होते.

"आणि आईला खाली घातलंत? बासष्ट वर्षांची आहे ती!"

"मला कुणी घातलं नाही," गाडीखालून मथुराबाईंचा आवाज आला. "त्यांना इथलं दिसत नाही, मला दिसतं. आणि मला बोलायला लावू नकोस, तोंडात गंज पडतो."

सर्जेरावांनी पस्तीस वर्षं कारखान्यात फिटरचं काम केलं होतं. ते डोळे मिटून सांगत होते आणि ती करत होती. सकाळी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून त्यांनी पाइप तापवला होता. आट्यांवर गंज सोडवणारं तेल रात्रीच मारून ठेवलं होतं. सेन्सरची वायर कापून टाकली होती, म्हणजे रिंग पाना थेट बसतो.

"आई, बाहेर ये. कुठे जायचं असेल तर मला फोन करा. मी इथे कॅब पाठवतो. कशाला हवीय गाडी?"

पाना थांबला. "मावशीकडे खडकवासल्याला जायचं म्हटलं होतं. काय म्हणालास तू?"

विश्वजीतने घड्याळात पाहिलं.

"व्हिडिओ कॉल कर म्हणालास," मथुराबाईंनी स्वतःच उत्तर दिलं. "माझ्या मैत्रिणीच्या, हेमाच्या नातवाच्या बारशाला निघाले, तर म्हणालास, तासाभरात आटपेल ना? बासष्टाव्या वर्षी घराबाहेर पडायला मुलाची परवानगी लागते मला."

"परवानगी काय त्यात? काळजी वाटते म्हणून विचारतो."

"वाटू दे की. आम्हालाही वाटायची. तरी तुला हिंजवडीला मोटरसायकलवर पाठवत होतो."

फाटकातून क्रेन आत आली. कोंडीराम नावाचा चालक कागद घेऊन उतरला, गाडीखालच्या पायांकडे बघितलं आणि विश्वजीतकडे वळला. "सायेब, ह्यीच का गाडी? मालकाची सही लागंल."

"बाबा, सही करा," विश्वजीत म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्याहून कडक निघाला.

सर्जेरावांनी कागद घेतला, घडी घातली आणि मांडीखाली ठेवला. मग खाली वाकून म्हणाले, "आधी घट्ट कर. अगदी केसभर. मग सोड."

"घट्ट?" विश्वजीत ओरडला. "काढायचाय ना तो?"

"गप उभा राहा. आधी गंज तुटू दे," गाडीखालून आलं.

पाना कुरकुरला. थोडा इकडे, थोडा तिकडे. पुन्हा इकडे. मथुराबाईंचा श्वास वरपर्यंत ऐकू येत होता. बाबा गाडीखाली जात का नाहीत, याचा विश्वजीतला राग आला. मग आपण का जात नाही, याचा आला. तो गुडघ्यांवर बसलाच होता, तेवढ्यात टक्कन आवाज झाला.

"सुटला!"

कोंडीरामने टाळी वाजवली आणि लगेच हात खिशात घातले.

नवा सेन्सर बसायला दहा मिनिटं लागली. बाबांनी आट्यांना ग्रीस लावून दिलं, तिने हाताने फिरवून बसवला, मग पान्याने आवळला. तिने सेन्सरची वायर जोडली आणि बाबांनी चाचपडत बॅटरीची काढून ठेवलेली वायर परत लावली. मथुराबाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या अंगात नवऱ्याचा कारखान्यातला निळा शर्ट होता आणि गालावर काळा पट्टा. त्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. महिनाभर पेटलेला डॅशबोर्डवरचा बिघाडाचा पिवळा दिवा क्षणभर लागला आणि विझला. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. तो पुन्हा लागला नाही.

विश्वजीतने घाम पुसला. त्याला आनंद झाला होता आणि तो दाखवायचा नव्हता.

"ठीक आहे. गाडी बरी झाली. पण बाबा, तुमचे डोळे? तुम्ही चालवायची नाही. या बाबतीत मी ऐकणार नाही."

"बरोबर बोलतोयस," सर्जेराव म्हणाले. "मी चालवूच नये." त्यांनी मांडीखालचा कागद काढून सही न करताच कोंडीरामच्या हातात परत दिला. मागच्या चाकांच्या विटा पायाने सरकवल्या. मग गाडीला हात लावत लावत ते डाव्या बाजूला गेले आणि दार उघडून बसले.

"मग चालवणार कोण?"

"हिचं लायसन्स पोस्टाने मंगळवारी आलं," सर्जेराव आतून म्हणाले. "पहिल्याच परीक्षेत पास. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मथुराबाई स्टिअरिंगमागे बसल्या, सीट पुढे ओढली आणि आरसा स्वतःच्या उंचीला आणला.

"विश्वजीत, त्या दादांना क्रेन बाजूला घ्यायला सांग," त्या म्हणाल्या. "मला गाडी मागे घ्यायचीय."