पडद्यावरची धाड

पडद्यावर स्वतःचंच अंगण दिसलं आणि राधाबाईच्या घशात चणा अडकला.

दादरच्या थेटरात मुख्य सिनेमाच्या आधी सरकारी फिल्म लागली होती, दारूबंदीची. लोक खोकत होते, अंधारात खुर्च्या चाचपत होते, कुणाचं तरी पोर रडत होतं. असल्या फिल्मकडे बघतो कोण? पण अंगण तिचंच होतं. तीच तुळस, तेच वलांडीवर वाळत घातलेले बोंबील, तेच लोखंडी पिंप.

"माहीमच्या कोळीवाड्यात दारूच्या भट्टीवर धाड!" एक कमावलेला आवाज गरजला.

राधाबाईनं हळूच शेजारी बघितलं. शेजारी रखमाबाय, वरळीची, होणारी विहीण. राधाबाईच्या दमयंतीचं तिच्या उत्तमशी ठरलं होतं. साखरपुडा आठवड्यावर आलेला, म्हणून तर दोन्ही घरं मिळून आज सिनेमाला. आणि बोलणी करताना रखमाबायनं एकच अट घातली होती. तिचा नवरा हातभट्टीच्या दारूनं गेला होता. "मानपान नको, काय नको," ती म्हणाली होती, "पण दारूच्या घरची पोर माझ्या उंबऱ्यात नको."

तेव्हापासून धाडीची गोष्ट राधाबाईनं ओठाबाहेर काढली नव्हती. धाड पडली होती, खरंच. पण सापडलं काय? कप्पाळ! पिंपात ऐनाच्या सालीचा काढा होता, जाळी बुडवायचा. जाळं कुजू नये म्हणून कोळ्याच्या दारात असतो तसा. त्यांनी तो ओतला, कॅमेरा फिरवला आणि गेले. कुणा मेल्याला ठाऊक, त्याचा सिनेमा होईल आणि तो विहिणीच्या मांडीला मांडी लावून बघावा लागेल!

पडद्यावर पांढरीफेक पँट घातलेल्या एका साहेबानं पिंपाला लाथ घातली. काळं पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत उडालं. "शेकडो बाटल्या भरतील एवढी तयार दारू!" आवाज म्हणाला. लगेच बाटल्याही आल्या, ओळीनं मांडलेल्या. त्यांच्यामागे मान खाली घातलेला एक हडकुळा माणूस, हातात बेड्या.

"हा कोण गो?" राधाबाईचा नवरा महादेव पलीकडून म्हणाला. त्याला कुजबुजणं कधी जमलंच नव्हतं. "आपल्या घरात काय करतो हा?"

रखमाबायनं मान वळवली. "तुमचं घर?"

राधाबाई कात्रीत सापडली. हो म्हणावं तर लग्न मोडतं. नाही म्हणावं, तर तिकडे पडद्यावर दारात दमयंतीच उभी, पदर तोंडाला लावून.

"खोटं हाय हे!" उत्तम ताडकन उठला. "समदं सरकारी खोटं!"

वरून बाल्कनीतून कुणी तरी ओरडलं, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" झालं! शिट्ट्या काय, टाळ्या काय, थेटर दणाणलं. पण राधाबाईला त्याचा काय उपयोग? रखमाबायनं लेकाचा सदरा धरून त्याला खाली ओढला.

"बस गप. सरकारनं सूर्य उगवला म्हटलं तरी तुला खोटंच वाटतं. मना माझ्या डोल्यांनी बघू दे."

आणि ती बघत राहिली. बाटल्यांजवळ साहेब उभा होता, छाती काढून, भर उन्हात. राधाबाईनं मनातल्या मनात एकवीरेला नारळ बोलला, मग दोन बोलले. एवढ्यात रखमाबाय उठली.

"अरे ए, थांबव तो खोटा सिनेमा!"

डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला. "मावशी, बसा. सरकारी फिल्म आहे, खोटी कशी असेल?"

"त्या सायबाची पँट बघ," रखमाबाय म्हणाली. "ऊन बघ केवढं, कवाची सुकली ती. नि डाग बघ, तसाच काला. ही जाल्याची साल हाय. धोबी मेला तरी जायची नाय."

"दारूचाच डाग असेल, मावशी."

"दारू पाण्यावाणी असते, लेका." रखमाबायचा आवाज एकदम उतरला. "तिचा डाग पडत असता, तर माझ्या घरात एक लुगडं धड दिसलं नसतं."

आजूबाजूच्या शिट्ट्या थांबल्या. डोअरकीपरनं बॅटरी विझवली आणि तो दाराकडे गेला.

राधाबाईचा जीव भांड्यात पडला. हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर बाईमाणसानं करायचं ते तिनं केलं, पदरात नाक शिंकरलं. शेजारी रखमाबाय बसली, पातळ सारखं केलं आणि चण्यांच्या पुडीत हात घातला. पडद्यावर मुख्य सिनेमाची नावं सुरू झाली. उत्तम आणि दमयंती एकमेकांकडे बघायचं सोडून मुद्दाम समोर बघायला लागले.

"सगला वतला मेल्यांनी?" रखमाबायनं हळूच विचारलं.

"थेंब नाय ठेवला."

"मग जाली?"

"तशीच नेली दर्यावर. निम्मी कुजली."

रखमाबायनं चण्यांची पुडी मांडीवर आपटली.

"नि मना नाय सांगितलंस? वरलीला आमचं पिंप काठोकाठ भरलेलं होतं गो!"