दोरीत आखलेलं टिल्बरी

धुकं इतकं दाट होतं की हॉलिसला हातातली खुंटी दिसत होती, पण ती जिथे ठोकायची ती जमीन दिसत नव्हती. त्याचं काही अडलं नाही. एकतीस वर्षं ब्रॅनॉक कॉलेजचं फुटबॉलचं मैदान आखणाऱ्या माणसाला डोळे लागतात ते फक्त पगाराच्या कागदावर सही करताना. तो खुंट्या ठोकत गेला, दोरी ताणत गेला, दोरीखाली चुन्याची बारीक रेघ सोडत गेला. मैदानाच्या उत्तर टोकाला पाहुण्या कॉलेजचं नाव काढायचं असतं, दोन पुरुष उंचीच्या अक्षरांत.

शेवटची खुंटी ठोकून तो मागे सरला. धुकं जरा विरळ झालं आणि गवतावर नाव दिसलं. टिल्बरी.

हॉलिस बघतच राहिला. टिल्बरी येणारच नव्हतं! नदीपलीकडचं टिल्बरी, पुलावरून वीस मिनिटांचं, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी शहाण्णव वर्षं इथे खेळायला आलेलं. यंदा ब्रॅनॉक बड्या कॉलेजांच्या गटात गेलं होतं. त्या गटाचे सामने टीव्हीवाले विकत घेतात, आणि टीव्हीवाल्यांना टिल्बरी नको होतं. "तिथे घरं ती किती, आणि सामना बघणार कोण?" क्रीडा विभागाचे लंडसाहेब बैठकीत म्हणाले होते. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच हॉलिसला जास्त लागलं होतं. या शनिवारी दोन हजार मैलांवरून, समुद्रकाठचं एक कॉलेज विमानाने यायचं होतं. त्याचं नाव लिहिलेला कागद हॉलिसच्या खिशात होता. कागदाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

अकराला टीव्हीची गाडी येणार होती. नाव वरून दाखवायचं म्हणून कॅमेरा टांगायचा होता.

तो खुंट्या उपटायला वाकला, पण पहिल्याच खुंटीला हात लावून थांबला. धुक्यात गेलं वर्ष आणि हे वर्ष सारखंच दिसत होतं. अजून जरा वेळ राहू दे, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. पावलं आली, आणि पावलांबरोबर पत्र्याच्या डब्यांचा खणखणाट. टिल्बरीचं मैदान सांभाळणारा वेंडेल होता तो, दोन्ही हातांत तांबड्या रंगाचे डबे घेऊन. यजमानाने नाव आखायचं आणि पाहुण्यांच्या माणसाने ते भरायचं, अशी रीत होती. मग दोघांनी उलट्या बादल्यांवर बसून मार्लिसने, म्हणजे हॉलिसच्या बायकोने केलेला सफरचंदाचा केक खायचा. सामन्याआधीचा गुरुवार असा जायचा.

"काय रे म्हाताऱ्या, आखून मोकळासुद्धा झालास?" वेंडेल म्हणाला. मग त्याने डबे हळूच खाली ठेवले. "हॉलिस, आपला सामना नाहीये ना यंदा?"

"नाहीये."

"तरीच. पुलावर आलो तेव्हा वाटलं, काहीतरी विसरलोय. म्हटलं, ब्रश विसरलो." त्याने गवताकडे पाहिलं. "पण तू का आखलंस?"

"हातांनी आखलं. मला कुठे विचारलं त्यांनी!"

दोघंही हसले. वेंडेल पहिल्या अक्षराशी उकिडवा बसला. एका डब्याचं झाकण त्याने उचकटलं. त्या पांढुरक्या सकाळी तेवढा एक तांबडा गोल दिसत होता.

"भरू?" त्याने विचारलं.

हॉलिसला हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून म्हणायचं होतं. पेन्शनला चौदा महिने उरले होते, तरीही. त्याचा हात खिशातल्या कागदावर गेला. वेंडेलने ते पाहिलं आणि झाकण परत दाबून बसवलं.

"नको. तुला घरी बसवतील आणि मार्लिस मला जिवंत सोडायची नाही."

दोघांनी मिळून खुंट्या उपटल्या. चुना झाडूने उडवला. हॉलिसने खिशातल्या कागदाची घडी उलगडली आणि एकेक अक्षर बघून नवं नाव आखायला घेतलं. दोनदा चुकला.

"यांचा माणूस कधी येतोय रंगवायला?" वेंडेलने विचारलं.

"दोन हजार मैलांवरून रंगारी कोण धाडतो, लेका? मीच भरणार. त्यांचा निळा रंग आणून ठेवलाय."

"तू? पाहुण्यांचं नाव यजमान भरणार?" वेंडेलने बाह्या सारल्या. "एवढी लाज सोडलीत होय रे बड्या गटात जाऊन? दे तो निळा रंग इकडे."

आणि त्याने भरलं. कधी न पाहिलेल्या कॉलेजचं नाव, कडेला एक थेंब न सांडता. मधेच म्हणाला, "आम्हालाही प्रस्ताव आलाय. उरल्यासुरल्यांचा एक गट करायचा म्हणतात. आमचा पहिला सामना कुठे, तर वाळवंटात." हॉलिसने दोरी गुंडाळायला घेतली.

साडेदहाला हॉलिसने खाण्याचा डबा उघडला. केकची मोठी फोड होती, आणि मार्लिसने घातलेले दोन काटे. वेंडेल आपला काटा उगीचच बराच वेळ पुसत बसला.

धुकं उठत होतं. वेंडेल निघाला तेव्हा त्याने तांबडे डबे उचलले, चार पावलं गेला, परत आला आणि ते हॉलिसच्या अवजारांच्या खोलीत ठेवून दिले.

"माझं डोकं आता कामातून गेलंय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीही मी विसरणार बघ."

"किती वाजता विसरशील?"

"सातला," वेंडेल म्हणाला. "धुकं असतं तेव्हा."