अडलेली गाय

साहेबांनी घड्याळ काढून ड्रायव्हरच्या हाती दिलं आणि शर्टाची बाही खांद्यापर्यंत सरकवली.

सरकारी जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात गाय पहाटेपासून अडली होती. दवाखान्यातली तरुण डॉक्टर आठवड्यापूर्वी घोड्याची लाथ खाऊन बसली होती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. शेजारचा डॉक्टर येईतो गाय टिकली नसती. आणि आजच तपासणीला आलेले खात्याचे सर्वांत मोठे डॉक्टर समोर उभे. पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे. तिला वाटलं, देवच पावला.

"साहेब, माझं घर हिच्यावर चालतं हो," गायीची मालकीण म्हणाली.

साहेबांनी साबणाच्या पाण्यात हात बुडवला, आत घातला आणि डोळे मिटले.

"डोकं लागतंय. पाय एकच. बोला डॉक्टर, काय झालं असेल?"

तपासणीचे साहेब प्रश्न विचारणारच. ती ताठ उभी राहिली. "दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे राहिलाय, सर."

"मग आधी काय करायचं?"

"कळ थांबली की वासरू मागे ढकलायचं. जागा होते."

त्यांनी ढकललं. "आता?"

"खूर मुठीत झाकून घ्यायचा, नाहीतर गर्भाशय फाटेल. मग पाय उचलून पुढे."

"पोरीची परीक्षा नंतर घ्या की!" मालकीण कडाडली. "आधी माझी गाय सोडवा!"

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. असा हात त्या तरुण डॉक्टरनं कधी पाहिला नव्हता. झटका नाही, घाई नाही. तिचं प्रत्येक उत्तर पुरं ऐकायचं आणि मगच तसूभर हलायचं. पुस्तकातलं वाक्य जणू डोळ्यांसमोर जिवंत होत होतं.

"आला पाय," ते पुटपुटले. दोन्ही पायांना दोरी बांधून त्यांनी विचारलं, "दोरी केव्हा ओढायची?"

"कळेबरोबर, सर. खालच्या अंगाला."

वासरू सरसरत गवतावर आलं. निपचित. तिनं डाव्या हातानं त्याचं नाक पुसलं, नाकपुडीत काडी फिरवली. वासरू शिंकलं. मालकीण मटकन खाली बसली आणि रडू लागली. गाय मान वळवून चाटायला लागली.

साहेब चिखलात गुडघे टेकून त्या ओल्या, थरथरत्या जिवाकडे बघत राहिले. हात पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"सर," तिनं हळूच विचारलं, "नोकरीत अशा किती गायी सोडवल्या असतील तुम्ही?"

"ही धरून?"

"हो."

"एक."